निकेलच्या तारेतला बाक

यंत्रमागांना सुट्टी असली की सोलापूर सिनेमाला जायचं आणि मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत. इलाजच नव्हता. मला निकेलची तार तापवून तिचा विद्युतरोध मोजायचा होता, कॉलेजच्या बॅटऱ्या कधीच मेल्या होत्या, आणि भिंतीतली वीज एरवी मागांच्या तालावर नाचायची.

हा खटाटोप आम्हा दोघांचा. दुसरा माझ्या शेजारच्या टेबलावरचा, पदार्थविज्ञानच शिकवणारा. इलेक्ट्रॉन म्हणजे स्वतःच चिमुकलं चुंबक. वर तोंड नाहीतर खाली, मधलं काही त्याला मंजूरच नाही. थंड निकेलमध्ये ही चुंबकं शिस्तीत उभी, म्हणून वीज सुखानं जाते. तापवत न्या, शिस्त मोडते, रोध भराभर चढतो. एका तापमानाला सगळाच गोंधळ, आणखी वाढायला जागा नाही, आणि आलेखाची चढती रेघ तिथं बाक घेऊन सावकाश होते. पुस्तकात हे होतंच हो. आम्हाला आमच्या डोळ्यांनी बघायचं होतं, बस्स!

सत्तरच्या दशकातल्या त्या वर्षांत एकदा दिसलाही तो बाक. आम्ही स्टाफरूमभर पेढे वाटले. मग कळलं, त्या दिवशी माग चालू होते, आणि नेमकी तेव्हा मागवाल्यांची जेवणाची सुट्टी होऊन विजेनंच उडी मारली होती! हसून हसून पुरेवाट झाली. इतक्या सुखात मी त्या गावात पुन्हा कधी नव्हतो.

पुढं त्याला पुण्याला बँकेत नोकरी लागली. तो निघाला त्या दिवशी माग बंद होते. गाडी दुपारची. त्याआधी त्याला खरा बाक दाखवायचाच, या हट्टानं सकाळीच एकट्यानं भट्टी लावली. आणि आला की! तार थंड होतानाही तिथंच. मी मोठ्यानं ओरडलो. ओ द्यायला शिपाईसुद्धा नव्हता.

सायकल दामटत स्टेशन गाठलं. खिडकीशी त्याच्या सासुरवाडीची ही गर्दी. त्यातून हात घालून आलेख त्याला दिला आणि त्याच्या तोंडाकडं बघत राहिलो. जीव नुसता टांगणीला लागला होता.

त्यानं कागद पाहिला, घडी घातली, परत दिला. "झकास! आता तरी लग्न कर की लेका."

सगळे खो खो हसले. मीही हसलो.

गाडी सुटली की आपण एकटे पडणार, याची मनाची तयारी करूनच आलो होतो. पण गाडी अजून उभीच होती.