ढोलासाठी घेतलेली गोळी

घरात तेलाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं चष्मा पुसून वाचणारा माणूस मी. मुलीच्या नाश्त्याच्या सिरियलमध्ये साखर किती, यावर इथे अमेरिकेत, फ्रीमाँटच्या दुकानात उभ्या उभ्या व्याख्यान देत असे. असा चिकित्सक गृहस्थ, ऑफिसातल्या मित्राने टिश्यूत गुंडाळून दिलेली गोळी मात्र निमूट गिळत होता.

गोळी मित्राची. कामात लक्ष राहत नाही म्हणून डॉक्टरांनी त्याला दिलेली, ॲम्फेटामिन या उत्तेजकाची. माझं लक्ष ठणठणीत होतं. अडचण एवढीच, की आमच्या गणपतीच्या ढोलपथकात पंचविशीतली पोरं दोन-दोन तास वाजवत आणि चाळिशी उलटलेला मी दहाव्या मिनिटाला पाणी प्यायच्या निमित्ताने बाजूला होई. गोळीनंतर तहान नाही, भूक नाही, झोप तर दाराशीही येईना. पोरं म्हणत, "काका, काय फॉर्म आहे यार!" मला एवढं पुरे होतं. पुढे सराव नसतानाही घेऊ लागलो, निव्वळ मजा म्हणून. सोमवारी मरगळ यायची, सगळ्या जगावर चिडचिड व्हायची. तिला मी वय म्हणत होतो.

ऑगस्टातल्या एका रविवारी दुपारी पार्किंग लॉटमध्ये सराव चालू असताना अंग भट्टीसारखं तापलं आणि छातीतले ठोके ढोलाच्या पुढे धावू लागले. मी डांबरावर बसलो. बायकोने गाडीत घालून इमर्जन्सीत नेलं.

डॉक्टरबाईंनी विचारलं, "काही घेतलंय का?"

बायको माझा हात धरून उभी होती. मी म्हणालो, "चहा."

"ब्लडप्रेशर भलतंच वाढलंय, ठोके अनियमित आहेत. खरं कळलं नाही, तर चुकीचं औषध दिलं जाईल."

छातीला वायरी लावलेल्या अवस्थेत मी अब्रू मोठी की जीव, याचा विचार करत होतो. एवढी अक्कल! मला मरणाची भीती वाटत होती आणि त्याहून जास्त बायकोची. शेवटी सांगितलं. दोन महिने, आधी शनिवार-रविवार, मग केव्हाही.

संध्याकाळपर्यंत ठोके ताळ्यावर आले. डॉक्टरबाई म्हणाल्या, "या वेळी वाचलात."

आता बायको झाडणार, म्हणून मी उत्तरं जुळवून बसलो होतो. पण ती हळूच म्हणाली, "हे दोन महिने शनिवारी सकाळी तू माझ्याशी तासन्‌तास गप्पा मारायचास. मला वाटलं, तुला पुन्हा माझ्याशी बोलावंसं वाटतंय. तीसुद्धा गोळीच होती का रे?"

खरं बोलायला मी त्याच दुपारी सुरुवात केली होती, म्हणून 'नाही' म्हणता आलं नाही.