ताईच्या रेघेचे पेढे

रेघ वर चढली तर खूश व्हायचं की घाबरायचं? मी पुष्कळांना विचारलं. कोणी सांगितलं नाही. आता त्यापायी मी काय घोळ घातला ते ऐका. आणि हसा खुशाल, ताईपण हसली होती.

ताई माझी मोठी बहीण. कारकुनाच्या परीक्षेला बसणार होती. इंग्रजीच्या पेपरात एक आलेख देतात, त्यावर दहा वाक्यं लिहायची, वाक्याला एक मार्क. वाडीच्या गोदामात पोती उचलून मी घरी आलो की ती मला समोर बसवायची आणि इंग्रजीत वाक्यं म्हणायची. मी पाचवीतून पळालेला! मला काय कळणार? मी नुसती रेघ पाहायचो. तिच्या पुस्तकात कापूस वर, वीज वर, शाळा वर.

"ताई, सारं वर चढून राहिलं, मग आपल्याच घरी काहून काही चढत नाही?"

"तू चूप बस गा. ऐक फक्त."

परीक्षा आठ-दहा दिवसांवर आली आणि ताईला ताप भरला. दवाखान्यात ठेवली. मंगळवारी पाहतो तर खाटेच्या पायथ्याशी पाटी, पाटीवर कागद, कागदावर रेघ. आणि रेघ कशी? रोज वर!

मी तसाच सीताबर्डीला गेलो. अर्धा किलो पेढे आणले आणि अख्ख्या वॉर्डात वाटले.

शेजारच्या खाटेवरच्या आजीनं विचारलं, "काय झालं रे बाबू? पोरगा का पोरगी?"

"तसं नाही आजी. ताईची रेघ वर चढली."

सिस्टरनंही पेढा तोंडात टाकला. मग पाटी पाहिली.

"अरे, तो ताप आहे तिचा! तुले कोणी सांगितलं पेढे वाटाले?"

आजीनं पेढा तोंडातून काढून हातात धरला. गिळावा की परत द्यावा, तिला कळेना.

ताई मात्र खोकला येईपर्यंत हसली. "अरे गाढवा, रेघ बरोबर वाचली तू. कशाची आहे ते तर पाहा पहिले!"

मग म्हणाली, "वही आण माही. परीक्षेत असाच आलेख येते." तिनं आपल्याच तापाचा आलेख वहीत उतरवला आणि पडल्या पडल्या इंग्रजीत वाक्यं लिहायला घेतली. रोजची रेघ आली की तीन वाक्यं. गुरुवारपर्यंत नऊ झाली. "दहावं उद्याच्या रेघेवर," म्हणाली.

गुरुवारी संध्याकाळी ताई गेली.

रविवारी ताईची परीक्षा होती. मी वही घेऊन धरमपेठच्या शाळेत गेलो, तिचा पेपर जमा करायला. असा पेपर घेत नाहीत, हे मला कुठं माहीत? दारावरचे सर म्हणाले, "घंटा होईपर्यंत बाहेर थांब." पायरीवर बसलो. नऊच वाक्यं होती. दहावं मीच लिहिलं, मराठीत: 'शुक्रवारी रेघ खाली आली.'

घंटा झाल्यावर सरांनी वही पाहिली. सवयीनं लाल पेन काढला. एक ते नऊ, सगळ्यांवर बरोबरची खूण. दहाव्यावर थांबले.

"शुक्रवारची रेघ तर यात नाहीच."

"नाही," मी म्हणालो.

सरांनी फुली मारली. ताईचा एक मार्क माझ्यामुळे गेला.