तार जोडली होती का

संशय हा आमच्या घराण्याचा गुण आहे. अप्पा, म्हणजे माझे वडील, तीस वर्षं कापड विणायच्या लूमवर होते, आणि त्यांच्या मते लूमवर संशयी माणूसच टिकतो. त्या गदारोळात दोरा तुटलेला ऐकू थोडाच येतो? म्हणून ते यंत्राच्या अंगावर तळहात ठेवून असत. थरथर जरा बदलली की लूम बंद. कानांनी मात्र केव्हाच राम म्हटला. आता त्यांच्याशी बोलायचं तर समोर उभं राहून, तोंड नीट उघडून बोलावं लागतं.

अशा माणसाची मुलगी चेलो वाजवते. व्हायोलिनचा थोरला भाऊ म्हणा, गुडघ्यांत धरून वाजवायचा. शाळेतल्या संगीताच्या बाईंना तो उचलवेना म्हणून माझ्या गळ्यात पडला, आणि मग मलाच सोडवेना. सुरतेत नवागामच्या आमच्या खोलीत चेलो उभा केला की एका माणसाने बाहेर ओट्यावर बसायचं, असा नियम होता. मोठ्या शहरांतल्या वाद्यवृंदांत परीक्षा दिल्या, "कळवतो" ऐकून परत आले. सुरतेत चेलोला काम एकच, लग्न. चार मुली, पांढरे झगे, समोर कागदांचे स्टँड, आणि जेवणाऱ्या पाहुण्यांना विलायती वातावरण.

अप्पांना हे पहिल्यापासून खटकत होतं. ज्यात घाम येत नाही त्या कामात काहीतरी काळंबेरं असणारच. मामाने कापड बाजारात साड्यांच्या काउंटरवर माझी जागा बोलून ठेवली होती. अप्पा आमच्या अहिराणीत म्हणाले, "मी येसू. देखसू. मंग मामाले सांगसू." म्हणजे एका लग्नावर माझा चेलो राहणार की जाणार, हे ठरणार होतं.

नेमका त्याच सुमारास मलाही संशय आला होता, वेगळाच. मागच्या लग्नात माझा एक सूर चांगलाच घसरला. बोटांखाली मला कळलं, पण स्पीकरमधून आला तो इस्त्री केलेला. चेलोला चिमटीएवढा माइक लावतात, त्याची तार साउंडवाल्याच्या पेटीत जाते. जाते का? मॅनेजरला विचारलं. "बेन, एकदम लाइव्ह छे," तो म्हणाला. फार पटकन म्हणाला. तेव्हापासून त्या तारेवरची माझी नजर हलत नव्हती.

लग्न दुपारचं होतं, शहराबाहेरच्या फार्महाउसवर. अप्पा ठेवणीतला शर्ट घालून आले. जेवले नाहीत, खुर्चीवर बसले नाहीत. सरळ मोठ्या काळ्या स्पीकरपाशी गेले आणि त्यावर तळहात ठेवला. मग मंडपाच्या कडेने माझ्या मागे आले आणि स्टेजच्या फळीवर तळहात ठेवला. चेलो ज्या सळईवर उभा असतो ती जिथे रुतली होती, त्याच्या वीतभर अलीकडे. पुन्हा स्पीकर. पुन्हा फळी. साउंडवाला त्यांच्याकडे संशयाने बघत होता, मी साउंडवाल्याकडे. अप्पांच्या कपाळावर आठी पडली. लूममध्ये खोट आहे पण सापडत नाही, अशा दिवशी ते घरी येत तेव्हा हीच आठी असायची.

त्यांना कळलं तर काउंटर ठरलेलाच. पण मला कळल्याशिवाय कसं चाललं असतं? ते फळीपाशी होते तेव्हा मी वाजवायचा गज तारांवरून उचलला आणि हवेत धरला.

संगीत चालूच राहिलं. माझा चेलोसुद्धा. शेजारच्या मुलीने डोळे मोठे केले आणि वाजवत राहिली. तिला बहुधा आधीपासून ठाऊक होतं. समोर माणसं उंधियु वाढून घेत होती. कुणी मानसुद्धा वर केली नाही. लाजेने झग्यासकट जमिनीत जावं असं वाटलं.

तेवढ्यात फळीवर थाप पडली. बंद पडलेल्या लूमवर मारायचे तशी अप्पांनी मारली होती.

"काय व्हयनं? बंद कसाले पडनी?"

मी त्यांच्याकडे वळून तोंड मोठं उघडून सांगितलं, "अप्पा, तो आवाज मना नही शे. रेकॉर्ड लायेल शे."

"माले म्हाईत शे," ते स्पीकरकडे बोट दाखवत म्हणाले. "तठला तुना नही. तुना आठे शे. वाजाड."

त्यांनी दुसरा हात फळीवरून उचलला नाही. मग मी वाजवलं, रेकॉर्डच्या जोडीने नाही, बाईंनी शिकवलेलं अगदी पहिलं. दोन सूर घसरले.

मॅनेजरशी मी तिथेच भांडले. तो म्हणाला, लोक फोटोसाठी बोलावतात बेन, ऐकायला नाही. आता कुठेही गेले की आधी स्पीकरवर तळहात ठेवून एक तार छेडते, आणि थरथर माझीच आहे याची खात्री झाल्याशिवाय बसत नाही. कामं कमी मिळतात.

त्या दिवशी परतताना रिक्षात मी अप्पांच्या तोंडाकडे बघत होते, कारण निकाल अजून लागला नव्हता. त्यांनी मामाला फोन लावला. मामा काय म्हणतोय ते ऐकू येणार नव्हतंच, म्हणून ते त्याच्यासाठी थांबलेही नाहीत.

"पोर काउंटरवर येत नही," ते ओरडून म्हणाले. "ती वाजाडस. मी ऐकं."