शेवटचा अर्धा फेरा

एकोणीसशे सत्त्याण्णवच्या मार्चमध्ये हौसेरावांच्या उजव्या हाताचं प्लास्टर निघालं. साताऱ्याकडून आलेल्या या सुताराने नेरूळमधल्या कितीतरी घरांची दारं बसवली होती. शिडीवरून पडून मनगट मोडलं तेव्हापासून काम बंद होतं. हाड जुळलं, पण पेचकस दोन फेरे फिरवला की मनगटातून कळ यायची. हे त्यांनी घरात कुणाला सांगितलं नव्हतं.

पहिलंच काम आलं ते शेजारच्या सारसोळे गावातल्या जाईबाईचं. ती दारोदार मासळी विकायची, आणि मुलाच्या लग्नाआधी तिला घराला नवं सागवानी दार हवं होतं. हे दार जमलं तर पुढची कामं घ्यायची, नाहीतर अवजारांची पेटी कायमची बंद, असं हौसेरावांनी मनाशी ठरवून टाकलं.

मस्कतच्या भाच्याने बॅटरीवर चालणारं ड्रिल मशीन पाठवलं होतं. त्याच्या तोंडाशी एक फिरतं कडं, त्यावर एक ते पंधरा आकडे आणि शेवटी बिटाचं, म्हणजे पुढच्या फिरत्या सळईचं, चित्र. पंख्याच्या रेग्युलेटरसारखंच असणार, असं समजून हौसेरावांनी कडं शेवटापर्यंत फिरवलं. दार गॅलरीत आडवं होतं. बिजागरीचा पहिला पितळी स्क्रू सर्रकन आत गेला, तळाला टेकला, आणि मशीन थांबलंच नाही. स्क्रूचं डोकं तुटून उडालं. त्याआधी मशीनने हिसका दिला तो थेट दुखऱ्या मनगटाला.

संध्याकाळी त्यांची लेक मंजुषा तळोज्याच्या कारखान्यातून आली तेव्हा ते डाव्या हाताने चहा पीत होते.

“आबा, हात दाखवा.”

“काय झालं न्हाई हाताला.”

“मग उजव्या हातानं बशी उचला बघू.”

त्यांनी बशी उचलली नाही. मंजुषा गॅलरीत जाऊन तुटका स्क्रू बघून आली.

“कितीवर ठेवलं होतं?”

“शेवटावर. जोरात चालावं म्हणून.”

“ते भोक पाडायला असतं. आकडा वेगाचा नाही, आबा. स्क्रू किती ताकदीनं आवळायचा, त्याचा आहे. तेवढी ताकद लागली की आत कट-कट वाजतं आणि बिट थांबतं. शेवटावर ठेवलं की काही सुटत नाही. मग स्क्रू तुटतो, नाहीतर हात पिळतो.”

“तुला कुणी शिकवलं?”

“चार वर्षं कारखान्यात अशाच मशीननं मिक्सरची झाकणं बसवते मी. तुम्ही कधी विचारलंत?”

हौसेरावांनी कधीच विचारलं नव्हतं. लहानपणी तिने पटाशीला हात लावला तरी ते ओरडायचे, “पोरीच्या जातीचं काम न्हाई ते.”

मंजुषाने त्याच सागवानाचा उरलेला तुकडा घेतला. आधी बारीक भोक पाडलं. मग चापावरचं बोट काढलं, उलट-सुलट फिरवायचं बटण मधे आणून मशीन अडवून ठेवलं आणि मगच कडं दोनवर आणलं. स्क्रू अर्ध्यातच थांबला. तीन. चार. पाचवर डोकं लाकडाला जेमतेम टेकलं.

“आता तुम्ही. कोपर कमरेशी, मनगट सरळ. पाचच ठेवू?”

हौसेरावांनी स्क्रूवर अंगठा फिरवला. “चारच ऱ्हाऊ दे. उरलेला अर्धा फेरा मी हातानं देतो. पितळ कुठं थांबतंय ते माझ्या हाताला कळतं.”

मंजुषाने पेचकस पुढे केला. अर्धा फेरा मनगटाने सोसला. दुसराही सोसला. आठ दिवस ते असेच सावकाश काम करत राहिले. तुटका स्क्रू कोरून काढून त्या भोकात त्यांनी सागाची खुंटी ठोकली आणि बिजागरी थोडी सरकवून बसवली.

सारसोळ्यात हौसेराव दार बसवत होते तेव्हा जाईबाई उंबऱ्यापाशी कमरेवर हात ठेवून उभी होती.

“मिस्त्री, मशीन हाय ना? मंग हातानं कशाला करतंस? लगीन यंदाच हाय.”

“मशीन आमच्या लेकीचं ऐकतं,” हौसेराव म्हणाले. “शेवटाला माझं ऐकाया लागतं.”

दार बसल्यावर त्यांनी खुंटी आपणहून दाखवली. “हितं चूक झाली होती माझी. दाराला धोका न्हाई.”

जाईबाईने खुंटीवर बोट दाबून पाहिलं, दार दोनदा लावलं-उघडलं. “माझ्या बहिनीला दोन खिडक्या करायच्या हान. घेशील?”

हौसेरावांनी लपवल्यासारखं उजवं मनगट डाव्या मुठीत धरलं होतं. ते सोडून त्यांनी एकदा फिरवून पाहिलं, अर्धा फेरा.

“घेतो,” ते म्हणाले. “पर रविवारी. पोरीला सुट्टी असती.”