रूथकाकू हलली नाही

हे मी घरातही कधी बोललो नाही. तुम्हाला का सांगतोय — ते मलाही नीटसं कळत नाही.

नगरात माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नं, बारशी, पासपोर्ट — चाललंय बरं. पण हा धंदा मला शिकवला शमुवेलकाकांनी. त्यांच्याकडे लाकडी पेटीचा मोठा कॅमेरा. त्यात वहीच्या पानाएवढी एकच फिल्म बसते आणि फोटो निघेपर्यंत समोरच्यानं काही सेकंद पुतळा होऊन बसायचं. रूथकाकू, म्हणजे त्यांची बायको, जन्मात कधी गप्प बसली नाही. काकांनी काढलेल्या तिच्या प्रत्येक फोटोत चेहऱ्याच्या जागी धुकं! त्यावरून दोघांची लाडकी भांडणं चालायची.

शेवटची फिल्म उरली तेव्हा काका म्हणाले, आता आमचा दोघांचा तू काढ. दोघं अंगणात लिंबाखाली बसले. उजेडाचा अंदाज घ्यायला मी आधी डिजिटलवर एक फोटो टिपला. कॅमेऱ्याचं काळं कापड तेव्हा माझ्या डोक्यावरच अडकलेलं. ते बघून काकू खळखळून हसली. काका मात्र समोर बघत ताठ. मग मोठ्या कॅमेऱ्याची पाळी.

फिल्मपुढची, उजेड अडवणारी काळी पट्टी आधी ओढून काढायची असते. काकांनी पहिल्याच दिवशी शिकवलेली गोष्ट. मी ती ओढलीच नाही.

फिल्म धुतली — कोरी. सांगायला जाणार होतो. खरंच जाणार होतो का? तेवढ्यात काकू गेली. माती देऊन परतताना काकांनी विचारलं, "निघाला ना रं फोटो?" मी हो म्हणालो.

मग तो डिजिटल फोटो कॉम्प्युटरवर उलटा केला — काळ्याचं पांढरं, पांढऱ्याचं काळं — आणि प्रिंटरनं पारदर्शक शीटवर छापला. कितीदा फिका आला, कितीदा गडद. शेवटी जमलेली निगेटिव्ह फोटोच्या कागदावर ठेवून, वरून उजेड देऊन फोटो काढला. पण खऱ्या फिल्मच्या कोपऱ्याला खाचा असतात, अंधारात बोटांना कळावं म्हणून. त्या मी नखं कापायच्या कात्रीनं पाडल्या. असं काही चुकून होतं का हो?

काकांना आता धूसर दिसतं. मी निगेटिव्ह आणि फोटो दोन्ही हातात दिले. त्यांनी अंगठ्यानं निगेटिव्हच्या खाचा चाचपल्या, फोटो डोळ्यांशी नेला आणि रडले. "हसती हाय... आन् हलली न्हाई बग. सारा जन्म हलली. त्या दिवशी माज्यासाठी थांबली रं."

येईल त्याला ते हेच सांगतात. नाताळात त्यांनी कॅमेरा मला देऊन टाकला — ज्यानं तिला धरलं त्याच्याकडंच असू दे, म्हणाले. माझा फार जीव आहे त्या माणसावर. त्यांचं मन मोडू नये म्हणून गप्प राहिलो, असं म्हणता आलं असतं. पण कॅमेरा मला हवा होता.

परवा गेलो होतो. काकांनी तोच फोटो मांडीवर घेतला, काकूच्या चेहऱ्यावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "किती सेकंद बसली हुती रं ती?"

मी म्हणालो, "पाच."