बिनटाचणीचा हार

जीजी बँकेत शिरली की आमच्या हेड कॅशियरला खोकला व्हायचा. खोटा खोकला, आणि तो बरोबर तिचं काम होईपर्यंत टिकायचा. बाकीची दुनिया बँकेतून नोटा घेते आणि मोजते, जीजी नोटा तपासायची. एक रुपयाच्या कोऱ्या नोटांचं बंडल उजेडाकडे धरायचं, आम्ही जिथे पिना ठोकलेल्या असत तिथे बोट ठेवायचं आणि रांगेतल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारायचं, "हे भोक कोणी पाडलं?" मग पिशवीतून शिलाई मशीनचा छोटा पेचकस काढून ती काउंटरवरच पिना उचकायला बसायची. "नवी कोरी नोट, अजून बाजारसुद्धा पाहिला नाही बिचारीनं, आणि तुम्ही तिला भोसकून मोकळे. मी इतकी वर्षं हार करते, एका नोटेला टाचणी लावली नाही. आणि पगार मात्र तुम्हाला."

मी त्याच शाखेत, माधव नगरात, शेजारच्या खिडकीवर होते. राहायलाही जीजीच्या शेजारीच, भिंतीला भिंत लागून. त्यामुळे दिवसभर बँकेच्या वतीनं तिची बोलणी खायची आणि संध्याकाळी तिच्या ओट्यावर बसून तिनं केलेली आमच्या कॅशियरची नक्कल पाहायची, असा माझा दुहेरी योग होता. नक्कल हुबेहूब असायची. खोकल्यासकट.

तिचं नाव कुसुम, पण अख्ख्या उज्जैनला ती हारवाली जीजी म्हणून माहीत होती. नवऱ्यानं गिरणीत टाइमकीपरी केली, एक मुलगा आणि भाड्याच्या दोन खोल्या मागे ठेवून तो गेला, आणि जीजीनं नवरदेवांचे नोटांचे हार करायला घेतले. आमच्याकडे घोडीवरच्या नवरदेवाच्या गळ्यात नोटांचा हार लागतोच. आमची मराठी मंडळी सुरुवातीला नाकं मुरडायची, "हे हिंदीवाल्यांचं खूळ, आपल्यात नाही हो." पुढे आपल्यातलेही घोडीवर बसायला लागले आणि हार मागायला मागच्या दारानं येऊ लागले. जीजी त्यांना मुद्दाम पुढच्या दारात बसवून ठेवायची.

हार करण्याची तिची रीत अशी. नोटेची पंख्यासारखी बारीक घडी घालायची, मध्यावर लाल दोऱ्याची गाठ मारायची आणि ती गोट्याच्या, म्हणजे जरीच्या, पट्टीवर टाचायची, तीही दोऱ्यातून दोरा घेऊन. सुई नोटेतून जायची नाही. डिंक नाही, पिन नाही. लग्न झालं की दोरे कापायचे, नोटा मोकळ्या. "नोटेचं लग्नात काम एक दिवसाचं," जीजी म्हणायची. "दुसऱ्या दिवशी तिला भाजी आणायला जाता आलं पाहिजे." बाजारातले बाकीचे हारवाले खुशाल स्टेपल मारायचे. जीजी त्यांना कसाई म्हणायची, आणि तेही त्यांच्या दुकानासमोर उभी राहून.

गिऱ्हाईक बहुतेक साधं असायचं. टांगेवाले, गिरणीतले, पंड्यांच्या घरची पाणी भरणारी माणसं. एक्कावन्न रुपयांच्या नोटा आणायच्या, वर जीजीची मजुरी द्यायची, आणि पोरगा राजासारखा दिसायचा. मजुरी फार नव्हती, पण तिच्यावर जीजीचं भाडं, किराणा आणि मिजास असं तिन्ही चालायचं. मुलगा प्रकाश पुण्याला एका खासगी कंपनीत लागला होता. दर दिवाळीला यायचा आणि म्हणायचा, "आई, चल आता. ते घर तुझंच आहे." तो गेला की जीजी मला म्हणायची, "तुझंच घर आहे असं सांगावं लागतं, तिथे आपलं घर नसतं गं, नलू. हाताला हार आहे तोवर मी इथून हलत नाही." यात लाडिकपणा काही नव्हता. तिला खरोखरच जायचं नव्हतं.

आणि मग देश सुधारायला लागला. नव्वदनंतरची ती वर्षं. रंगीत टीव्ही आले, थंड पेयांच्या नव्या बाटल्या आल्या, नानाखेड्याकडे कॉलन्यांचे बोर्ड लागले, आणि एक-दोन-पाचाच्या नोटा जाऊन त्यांच्या जागी नाणी आली. नाण्यांचा कौतुकसोहळा आमच्या बँकेत मीच केला, कारण तसं पत्रक आलं होतं. लोकांना समजावून सांगायचं होतं. जीजीलाही मी ते ऐकवलं, "नोट वर्षात फाटते जीजी, नाणं कितीतरी वर्षं टिकतं."

"टिकून करणार काय?" जीजी म्हणाली. "माझा हार एका संध्याकाळपुरता असतो."

पहिले काही महिने जुन्या नोटांवर निभावलं. मग त्या इतक्या मळल्या की हार गळ्यात घातलेला नवरदेव एखाद्या वाण्याच्या गल्ल्यासारखा दिसायला लागला. दहाच्या नोटा होत्या, पण एक्कावन्न दहाच्या नोटा म्हणजे टांगेवाल्याची निम्मी वरात. ज्यांना दहाचा परवडत होता ते पन्नासाचा हार मागायला लागले आणि तो कसायाकडून करवून घ्यायला लागले, कारण त्याच्याकडे वर बल्बची माळही मिळायची.

होळीच्या सुमारास मी मॅनेजर साहेबांना एक रुपयाच्या नव्या नोटांचं स्पष्टच विचारलं. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "भूल जाइए मॅडम, अब नहीं छपेंगे." संध्याकाळी जीजी ओट्यावर वाट बघत होती. तिनं विचारलं, "काय म्हणतात तुमचे साहेब?" मी तिच्या हातांकडे बघितलं आणि म्हणाले, "येतील म्हणतात. थोडा वेळ लागेल." एवढंच. खोटं बोलायला मला काही कष्ट पडले नाहीत. उलट मी किती मायाळू आहे, असं वाटून रात्री छान झोप लागली.

त्यानंतर दर पंधरा दिवसांनी ती विचारायची आणि दर पंधरा दिवसांनी मी नोटा छापून द्यायची. पुढच्या खेपेला येतील, पावसानंतर येतील, दिवाळीच्या आधी तर नक्कीच. सरकारी छापखान्याला जमलं नाही ते माझ्या जिभेनं करून दाखवलं.

जूनमध्ये आमच्या मराठी मंडळाच्या बालवाडीत एका बाईंची जागा निघाली. पगार बेताचा, पण दर महिन्याचा, आणि जागा जीजीलाच द्यायची असं सगळ्यांनी ठरवलेलं. जीजी माझ्याकडे आली. म्हणाली, "तू बँकेतली, तुला अंदर की बात ठाऊक. नोटा येणार असतील तर मी फालतूची पोरांची नाकं पुसत बसत नाही. येणार नसतील तर आजच हो म्हणून टाकते. सांग, काय करू?"

मी काय सांगितलं ते आता लिहवत नाही, पण लिहायला हवं. मी म्हणाले, "येतील, जीजी." तीन महिने तेच म्हणत होते. आता एकदम उलटं कसं सांगणार, माझी काही इज्जत आहे की नाही? बालवाडीची जागा आठ दिवसांत दुसऱ्या बाईंनी घेतली. त्या अजून परवापर्यंत तिथे होत्या.

देवउठनी एकादशी झाली, लग्नं सुरू झाली, नोटा आल्या नाहीत. जीजीनं मग शेवटचा डाव टाकला. फ्रीगंजच्या एका कापडवाल्याच्या मुलाचं लग्न होतं. त्याला तिनं पटवलं, "जमाना नाण्यांचा आहे, तर हारही नाण्यांचा." पाचाची जाडजूड नाणी, एकशे एक. भोक पाडायचं नाही, हा नियम इथेही होताच. म्हणून तिनं प्रत्येक नाणं जाळीच्या कापडाच्या इवल्या पुरचुंडीत बांधलं आणि पुरचुंड्या गोट्यावर ओवल्या. पाच दिवस लागले. दिसायला हार झकास. मी हातात घेतला तर मनगट खाली गेलं. "एक नंबर," मी म्हणाले. खोटं बोलायची एव्हाना सवयच झाली होती.

वरात निघाली. नवरदेवाची मान पहिल्या चौकापर्यंतच पुढे झुकली होती, पण तो विनय असावा असं लोकांना वाटलं. खरी गंमत नाण्यांनी केली. घोडीनं पाऊल टाकलं की एकशे एक नाणी छमछम वाजायची, आणि लग्नाची घोडी घुंगरांवर नाचायला शिकवलेली. ती नाचायला लागली. ती नाचली की हार आणखी वाजायचा, हार वाजला की ती आणखी नाचायची. बँडवाले थांबले तरी घोडी थांबेना. नवरदेव एका हातानं फेटा आणि दुसऱ्या हातानं घोडीची आयाळ धरून "उतारो, उतारो" म्हणत होता. घोडीवाला हात जोडून वरबापाला सांगत होता, "सेठजी, मेरी घोड़ी की गलती नहीं है, इसकी ट्रेनिंग है." शेवटी हार उतरवला तेव्हा घोडी निमूट उभी राहिली आणि वरात हसून हसून रस्त्यावर बसली. मीही हसले. जीजी तिथेच होती, पानाच्या टपरीजवळ, आपला हार बघायला आलेली. तिनं शांतपणे हार उचलला, घरी नेला, दोरे कापले आणि एकशे एक नाणी दुसऱ्या दिवशी सकाळी सेठजींना परत दिली. मजुरी घेतली नाही.

महिन्याभरात प्रकाश आला आणि या वेळी त्याला आग्रह करावा लागला नाही.

नानाखेड्याच्या स्टँडवरून दुपारची बस होती. प्रकाश सामान चढवत होता. जीजी खिडकीशी बसली, मी खाली उभी. ती म्हणाली, "नलू, नोटा येणार नाहीत, हे तुला माहीत होतं ना?"

मी हो म्हणाले.

"कधीपासून?"

"होळीपासून."

तिनं मनात महिने लावून पाहिले असावेत. "म्हणजे बालवाडीचं विचारायला आले, तेव्हा माहीत होतं."

"जीजी, मला वाटलं, तुम्हाला वाईट वाटेल."

"वाटलं असतं," जीजी म्हणाली. "दोन दिवस रडले असते आणि तिसऱ्या दिवशी बालवाडीत गेले असते. माझ्या घरातून गेले असते." आवाज चढवला नाही तिनं. बँकेत एवढ्याशा भोकासाठी शाखा डोक्यावर घेणारी बाई. "पुढच्या वेळी कोणाची दया आली तर त्याला खरं सांग. खोटं बोलायला त्याच्या घरची माणसं असतात."

मी हसण्यावारी न्यायला काहीतरी बोलले, काय ते आठवत नाही. तिनं काच सरकवून घेतली.

पुण्याहून तिची पोस्टकार्डं गल्लीत सगळ्यांना यायची. सुनेची नक्कल, सोसायटीच्या चेअरमनची नक्कल, खाली नावं घालून आशीर्वाद. लोक ती मला वाचून दाखवायचे आणि आम्ही खूप हसायचो. माझ्या नावाचं कार्ड नऊ वर्षांत आलं नाही. मी तीन पत्रं टाकली, तिन्हीत माफी मागितली. माझी चूक होती आणि मला तिची आठवण यायची, दोन्ही लिहिलं होतं.

ती गेल्याचं मला समोरच्या वहिनींनी जाता जाता सांगितलं. शेवटी त्या म्हणाल्या, "तुम्हाला तर आधीच कळलं असेल म्हणा, तुमची आणि जीजीची केवढी मैत्री."

मी म्हणाले, "हो, कळलं होतं."