देवळात भेटलेल्या पोंभुर्ण्याच्या बाई

मंडळी, आज फार थकले आहे. सकाळपासून इथल्या देवळात महाप्रसादाचं वाढत होते. ऐंशीच्या दशकात चंद्रपूरहून अमेरिकेत आले, तेव्हा आम्हीच भाड्याच्या हॉलमध्ये हे देऊळ सुरू केलं. आता गर्दी मावत नाही, पण भांडी घासायला आम्ही जुनेच.

पंगती उठल्यावर एक म्हाताऱ्या बाई भिंतीशी एकट्याच बसलेल्या दिसल्या. चंद्रपूरजवळच्या पोंभुर्ण्याहून मुलाकडे आलेल्या.

"इथी माह्यासंग कोणी बोलूनच नाई राह्यलं," त्या म्हणाल्या.

"मी बोलतो ना, बाई. मी चंद्रपूरचीच," मीही आपसूक तिकडच्या बोलीत म्हटलं.

त्यांनी माझा हात घट्ट धरला. "मंग तू वापस कवा जाशीन, पोरी?"

माझी मुलं, नातवंडं, सगळं इथेच आहे. तरी "आता नाही जात" एवढं तोंडून निघेना.

"जाईन ना," म्हटलं.

तुम्ही काय सांगितलं असतं?